आजोळचे डोळे

पूजा नोकरीची होती आणि नोकरीच गेली होती. पण केळीचे खांब दारात बांधून झाले होते, भटजींना शब्द गेला होता, शिऱ्याचा रवा भाजून परातीत पडला होता आणि शहापूरकडचे सगळे पाहुणे उंबरमाळी स्टेशनाला उतरून चढण चढायला लागले होते. सत्यनारायणाला आता ‘यंदा राहू दे’ म्हणून कोण सांगणार? सकुबाईंनी नातू रेल्वेची परीक्षा पास झाल्याबरोबर नवस फेडायची तारीख धरून टाकली होती. मेडिकल अजून व्हायचं आहे, असं सारिका दोनदा म्हणाली, पण सुनेचं कोण ऐकतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

हा नातू, सारिकाचा आदेश, परवा मेडिकलहून परत आला आणि बूट न काढताच पडवीत बसला. डॉक्टरांनी त्याला एक पुस्तक दाखवलं होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांची चकती आणि त्या ठिपक्यांत लपलेला एक आकडा. बाकीची पोरं पानं उलटत घडाघडा आकडे सांगून मोकळी झाली. आदेशला ठिपके दिसले. नुसते ठिपके. तांबडा आणि हिरवा त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, इंजिनावर घेता येणार नाही, असं सांगून त्याला बाहेर बसवलं.

सारिकाला हे ठाऊक होतंही आणि नव्हतंही. परसातल्या वाफ्यातून पिकलेल्या मिरच्या काढून आण म्हटलं, की हा टोपलीत अर्ध्या हिरव्या घेऊन यायचा. तिने त्याला कामचुकार म्हणून किती बोल लावले होते. शाळेत त्याने झाडाचं खोड हिरवं रंगवलं म्हणून गुरुजींच्या हातच्या छड्या खाल्ल्या, त्यावर घरात आठवडाभर हसू चाललं होतं. आणि जन्म सगळा स्टेशनाच्या वरच्या अंगाला गेलेला. सिग्नल पडला की नाही हे तो लांबून बिनचूक सांगायचा. आता कळत होतं, तो रंग बघतच नव्हता, कुठला दिवा पेटलाय तेवढं बघत होता.

आरती झाली, प्रसाद झाला. जेवणं आटोपून लांबचे पाहुणे निघून गेले आणि पडवीत घरचे तेवढे उरले. सकुबाई भिंतीला टेकून पान लावत होत्या. किशोर, सारिकाचा नवरा, खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटत होता. थोरले दीर जगनभाऊजी शहापूरला राहायचे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द आपला असतो अशी त्यांची समजूत होती. त्यांनी तो शब्द काढला.

“आपल्या घरात कुनाच्या डोळ्याला कदी काय झालं नाय. आबांना ऐंशीव्या वरसाला सुईत दोरा ओवता येत व्हता. हे आलं कुठनं?”

समीक्षा, आदेशची धाकटी बहीण, शहापूरच्या कॉलेजात सायन्सला होती. पोरीला आपल्याला येतं ते सांगायची भारी हौस. तिने आईच्या तोंडाकडे न बघताच सांगून टाकलं.

“काका, हे बहुतेक आईकडून येतं. आईला स्वतःला नीट दिसतं, पण तिच्या बाबांचं नायतर भावाचं असेल, तर ते तिच्या मुलात उतरतं. आजोळचं असतं हे.”

जगनभाऊजींनी मांडीवर थाप मारली.

“घ्या. म्हंजे मुरबाडचं. मला वाटलंच. तिकडनं चांगलं काय आलंय आपल्याकडं आजवर?”

‘मुरबाड’ हा शब्द या घरात कुणी उगाच काढत नसे. सारिकाचं माहेर मुरबाडकडे, म्हसा गावाच्या जवळ, आणि त्या माहेरचं दार आदेशच्या जन्माच्याही आधी बंद झालं होतं. तिने मान खाली घातली नाही. ती ताटं गोळा करता करता थांबली आणि समीक्षाकडे बघत राहिली.

“काय म्हनालीस? भावाचं?”

“हो. म्हणजे तुझ्या भावाला असेल, तर ते तुझ्या आईकडून दोघांना आलेलं. त्याला दिसत नाय, तुला दिसतं. पण तू ते पुढं दिलंस.”

“पोरी, जरा तोंड आवर,” किशोर म्हणाला. पण तो बायकोकडे बघत नव्हता.

सकुबाईंनी पान गालात सरकवलं. “म्हंजे माझा नातू आंधळा म्हनतेस तू?”

“आंधळा नाय गो आजी. आपल्यापेक्षा थोडे रंग कमी. बैलालाबी तांबडा नाय दिसत. गाय, कुत्रा, मांजर, सगळ्यांचं तसंच.”

“आता बैल केलास व्हय त्याला.”

आदेश हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा. समीक्षाचं अजून संपलं नव्हतं. “आणि पाखरांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. त्यांच्यापुढं आपणच बैल.”

सकुबाईंना पाखरांचं काही पडलं नव्हतं. म्हातारी जुन्या वळणाची, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. पूजेसाठी नेसलेल्या लुगड्याचा पदर तिने पुढे ओढला. पोपटी म्हणावा असा नव्हे, जरा दबका हिरवा रंग आणि लाल काठ. पदर तिने नातवाच्या नाकाशी धरला.

“सांग. हा रंग कंचा?”

आदेशने आईकडे पाहिलं. लहानपणापासून त्याची ती खोड होती, रंग विचारला की आधी आईचं तोंड वाचायचं. या वेळी आईने तोंडावर काही उमटू दिलं नाही.

“मातकट,” तो म्हणाला. “काठ जरा जास्त काळपट मातकट.”

जगनभाऊजी खो खो हसले. किशोरलाही हसू आलं. सकुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या हातातला पदर तसाच राहिला आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं. सारिकाही त्यांच्याकडेच बघत होती. या पडवीत, याच भिंतीजवळ, एका माणसाने मान वर करून अगदी असंच सांगितलं होतं, फक्त उलट्या बाजूने. ते दोघींना एकदमच आठवलं.

सारिकाला तेव्हा सातवा महिना होता. पहिलटकरीण. डोहाळजेवणाला माहेरची हिरवी साडी यायची असते, हिरवी साडी, हिरवा चुडा, हे काय कुणाला सांगावं लागतं? आईबाप गेलेले, म्हणून साडी थोरल्या भावाने, अनंताने आणली. त्याने ती स्वतः दुकानात जाऊन निवडली होती. चौरंगावर बसलेल्या बहिणीच्या मांडीवर त्याने घडी ठेवली, आणि जमलेल्या बायकांच्या तोंडातली गाणी थांबली. साडी वाळल्या पानाच्या रंगाची होती. भरल्या ओटीच्या बाईला सुकलेलं पान.

कुणी तरी म्हणालं, थट्टा करतोस काय रे? अनंताला वाटलं, बायकाच आपली थट्टा करताहेत. हिरवीच हाय की, तो म्हणाला. सकुबाई म्हणाल्या, हिरवी? तो म्हणाला, हिरवी नाय तर काय. शब्दाला शब्द लागला. सकुबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की हा पिऊन आलाय, आणि जन्मात दारूला न शिवलेल्या त्या माणसाने घडी उचलली, पानावरून उठला आणि न जेवता गेला. पुढच्या महिन्यात सारिकाची मुलगी पोटातच गेली. मग काय, सगळं खापर त्या साडीवर फुटलं. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या माणसाची सावली या उंबऱ्यावर पडणार नाही, असं सकुबाई म्हणाल्या. आणि सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते या म्हातारीकडे बघूनच म्हणत असावेत. दर भाऊबीजेला सारिका चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं. तिला भाऊ होता, दोन-तीन तासांच्या वाटेवर, आणि त्याची आठवण येऊन तिच्या छातीत दरवर्षी तीच कळ उठायची. तो असं का वागला, एवढंच तिला कधी कळलं नव्हतं. अपमान करायचा होता म्हणावं, तर तिला तापात मांडीवर घेऊन रात्र काढणारा भाऊ तो. नव्हता करायचा म्हणावं, तर साडी सगळ्यांनी पाहिलेली.

आणि आता कळलं. इतक्या वर्षांनी, आपल्याच पोराच्या तोंडून.

“दोष तुझ्या घरान्याचा, सारिका,” जगनभाऊजी अजून तिथेच होते. “पोराच्या नोकरीची माती झाली. हे तू मान्य कर.”

“केलं,” ती म्हणाली. “माझ्याच घरान्याचा. माझ्या दादाचे डोळे हायेत ते.” आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती हसायला लागली. आजवर या घरात माहेरावरून तिला जेवढे टोमणे बसले, त्यातला हा एकच तिला ओवाळणीसारखा घ्यावासा वाटला.

जगनभाऊजींना काही समजेना. “वेड लागलं काय हिला?”

“दादा, तू गप,” किशोर म्हणाला. थोरल्या भावाला तो असं कधी बोलला नव्हता, त्यामुळे जगनभाऊजी खरोखरच गप्प झाले. किशोर बायकोला म्हणाला, “तो पिऊन आला नव्हता तर.”

“नव्हता.”

“आपन त्याला न जेवता घालवला.”

सकुबाई पदर परत खांद्यावर घेत होत्या, तो त्यांना नीट घेता येईना. सारिका उठून पुढे आली आणि तिने तो त्यांच्या खांद्यावर बसवून दिला.

“आत्याबाई, म्हशाची जत्रा आजच बसली. दादा बाजाराला बैल घेऊन येतो, आमच्यात ते चुकत नाय. मी परवा जानार.”

सकुबाईंनी बराच वेळ पान चघळलं. चूक झाली, असं म्हणणं त्यांच्या जिभेला वळणारं नव्हतं आणि सारिकाला ते ऐकायचंही नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “प्रसाद ठेव थोडा बाजूला. त्याच्यासाठी. कलावतीनं प्रसाद टाकला नि तिच्या नवऱ्याची नाव बुडाली, आत्ताच भटजींनी वाचलं. सत्यनारायनाच्या प्रसादाला नाय म्हनता येत नाय कुनाला. देनाऱ्यालाबी नि घेनाऱ्यालाबी.”

आदेशच्या मोटारसायकलीवरून किन्हवली, सरळगाव करत मायलेक म्हशाला पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सगळी वाट सारिकाने प्रसादाचा डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. वाटेत पळस नुकता कुठे पेटायला लागला होता. तिने सवयीने बोट दाखवलं, आणि मग बोट खाली घेतलं. आदेशला ते आरशात दिसलं.

“दाखव ना,” तो म्हणाला. “झाड दिसतं मला. फुलं आहेत हेबी जवळ गेल्यावर कळतं.”

“कशी दिसतात रे?”

“आता मी तुला काय सांगू? तुला कशी दिसतात?”

तिला सांगता येईना. तांबडी म्हटलं तर त्याला त्या शब्दात काय मिळणार? आपल्या पोराला आपण रोज बघतो आणि तो काय बघतो हे आपल्याला जन्मात दिसणार नाही, याचं तिला वाईट वाटलं, आणि दादाचंही तसंच वाटलं. त्याच्या मांडीवर खेळताना ती त्याला फुलं दाखवायची, आणि तो हो हो म्हणायचा.

बैलबाजार माळावर पसरला होता. जिथवर नजर जाईल तिथवर बैल, दावणी, कडब्याच्या पेंढ्या, घोंगड्या पांघरलेली माणसं, आणि उडणारी धूळ. शिंगं रंगवलेली, कपाळावर गुलाल, गळ्यात तांबडे गोंडे. सारिका गर्दीच्या तोंडाशीच थबकली. एवढ्या माणसांत तो कसा सापडायचा? त्याचे केस पांढरे झाले असतील. चाल बदलली असेल. समोर आला आणि ओळखलंच नाही तर? ती एका दावणीकडून दुसरीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांना सगळीकडे तांबडंच तांबडं दिसत होतं आणि एका तांबड्यातून दुसरं काही निघत नव्हतं.

“आई, ती निळी जोडी कुणाची गो?” आदेश म्हणाला.

“कंची निळी?”

“ती काय, लिंबाखाली. एवढ्या बाजारात तेवढीच तर उठून दिसते.”

तिने त्याच्या हाताच्या रोखाने पाहिलं. लिंबाच्या झाडाखाली दोन खिल्लारी बैल उभे होते. त्यांच्या गळ्यात निळे गोंडे, शिंगांना निळा रंग, झुलीलाही निळी किनार. तिची नजर तिथून दोनदा फिरून गेली होती. बैलांशेजारी एक माणूस उकिडवा बसून कडबा मोडत होता. त्याने पेंढी गुडघ्यावर घेऊन मोडली, आणि बाबांचा, तिच्या मेलेल्या बापाचा गुडघा तिला दिसला.

“दादा,” ती म्हणाली.

अनंताने वर पाहिलं. तो उठला नाही. कडब्याची काडी हातात तशीच राहिली.

“बाय?”

तिने डबा पुढे केला आणि ती म्हणाली, “सत्यनारायनाचा प्रसाद. आत्याबाईंनी दिलाय.”

“त्यांनी?”

“त्यांनी.”

त्याने हात धोतराला पुसले, ओंजळ केली, प्रसाद डोळ्यांना लावला आणि खाल्ला. खाताना तो आदेशकडे बघत होता. भाचा एवढा वाढलेला, पण तो त्याला पहिल्यांदाच पाहत होता.

“मामा, गोंडे निळे का?” आदेशने विचारलं.

अनंता गोंड्यांकडे बघत म्हणाला, “मला दिसतात म्हनून. आनि बैलालाबी दिसतात. बाकी समदं आमाला एकच.” मग त्याने पोराकडे नीट पाहिलं. “तुला कसे दिसले रं एवढ्या लांबून?”

“मलाबी तेवढेच दिसले.”

अनंताला समजायला क्षणभर लागलं. “मिरच्या?” त्याने विचारलं.

“हिरव्याच आणतो.”

“मार खाल्लास?”

“लय.”

मामा हसला, आणि हसता हसताच त्याने तोंड बैलाकडे फिरवलं. सारिका त्याच्याजवळ कडब्यावर बसली.

“दादा, तुला ती साडी हिरवीच दिसली व्हती. मला परवा कळलं.”

“मला त्याच आठवड्यात कळलं,” अनंता म्हणाला. “रागानं घडी घरी नेली. तुझ्या वहिनीनं बघितली, म्हनाली, ही हिरवी नाय. मी तिलाबी शिव्या घातल्या. मंग आळीतल्या एकेकाला दाखवत फिरलो. समदे एकच बोलले. त्या दिवशी मला ठाव झालं, की माझ्या डोळ्यात खोट हाय.”

“मंग आला का नाहीस तू?”

“लाज जायला महिना गेला, मंग निघालो व्हतो. तुझ्या वहिनीला दुकानात नेऊन दुसरी साडी घेतली. तुझ्या सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवनार व्हतो. सरळगावच्या नाक्यावर गाडीची वाट बघत उभा व्हतो, तर तुमच्या गावचा मानूस भेटला. तो बोलला, सारिकाची पोर गेली.” त्याने हातातल्या काडीचे तुकडे केले. “मंग कुठल्या तोंडानं येऊ? मीच सुकलं पान घातलं ना तुझ्या ओटीत. मीच खाल्ली तुझी पोर.”

“नाय रे दादा.” तिने त्याचं मनगट धरलं. “माझं बीपी चढलं व्हतं. पाय सुजून खांब झाले व्हते, डोळ्यापुढं अंधारी यायची, मी कुनाला सांगितलं नाय. डॉक्टरीनबाई बोलली, आधी आनायला हवी व्हती. साडीचा काय संबंध? मला ठाव व्हतं. तुला ठाव नव्हतं, हे मला ठाव नव्हतं.”

बैलाने मान खाली घालून अनंताच्या खांद्याला नाक लावलं, ते त्याने नुसतं बाजूला केलं. एवढी वर्षं दोघं एकमेकांसाठी झुरत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने दार लावलंय. सारिकाला सगळ्या जगाचा राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

“घरी चल दादा,” ती म्हणाली. “आत्याबाई थकल्या. त्यांना बोलता येत नाय, पन त्या वाट बघतात. हे पन बघतात. येशील ना?”

अनंता जमिनीकडे बघत होता. त्याने विचारलं, “नाव ठेवलं व्हतंस तिचं?”

पोटात गेलेल्या पोरीला नाव नसतं. बारसं नसतं, पाळणा नसतो, तिची आठवण काढायची तर काय म्हणून काढायची हेही नसतं. नवऱ्याने विचारलं नव्हतं, सासूने विचारलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनीही नाही. या एका प्रश्नाची वाट आपण बघत होतो हे तिला तो ऐकल्यावर कळलं.

“ठेवलं व्हतं. मनात. संजीवनी.”

“संजीवनी,” अनंता म्हणाला. त्याने ते नाव हळू म्हटलं, परत एकदा म्हटलं. “माझी भाची.”

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याने धोतर झटकलं, डोक्याचा रुमाल सोडून परत नीट बांधला आणि शेजारच्या दावणीवरच्या माणसाला हाक मारली.

“भिमा, जरा माझी जोडी बघ रं. कोन गिऱ्हाईक आलं तर उद्या ये म्हनावं. मी बहिनीच्या घरी जेवायला चाललोय.”